बोंझूर, विहीणबाई!

आमच्या विहीणबाई फ्रेंच आहेत. हे वाक्य मी गेल्या चार-पाच वर्षांत निरनिराळ्या सुरांत उच्चारले आहे. लष्करात, म्हणजे आपल्या ग्वाल्हेरच्या लष्करात, प्रथम सांगितले तेव्हा आवाज आपोआप खाली आला होता. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांनी 'हो का!' म्हणून जे काही चेहरे केले ते पाहून पुढच्या खेपेस मुद्दाम मोठ्याने सांगितले. पण आज लिहायचे आहे ते लग्नाविषयी नव्हे. एका साध्या नमस्काराविषयी लिहायचे आहे, जो मी घेतला नाही.

लेक शिकायला म्हणून फ्रान्सात ग्रनोब्लला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि २०२१ साली, साथीच्या निर्बंधांत, तिथल्या नगरपालिकेच्या कचेरीत तिचे लग्न लागले. अक्षता आम्ही ग्वाल्हेरीला बसून पडद्यावर टाकल्या. समारंभ आटोपल्यावर जावयाच्या आई पडद्यासमोर आल्या, नीट उभ्या राहिल्या, आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बोंझूर, मादाम." मी काय करावे? त्यांच्या मागे लेक दिसते का ते पाहिले, ती दिसेना. पुन्हा एकदा "बोंझूर" आला. मी "अहो, दूध उतू जातंय" असे कोणालाच उद्देशून नसलेले काहीतरी पुटपुटले आणि उठून स्वयंपाकघरात गेले. दूध खरोखरच गॅसवर होते. पण ते उतू जात नव्हते, हे मला ठाऊक होते.

पुढे कितीतरी दिवसांनी लेकीने सांगितले, "आई, त्यांना वाटलं, तुला हे लग्न पसंत नाही." फ्रान्सात बोंझूर म्हणजे नुसते 'सुप्रभात' नव्हे. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, डॉक्टरांकडे ताटकळत बसलेल्या अनोळखी माणसांत जाऊन बसतानासुद्धा तो आधी म्हणावा लागतो. बोंझूर न म्हणता भाव विचारलात तर दुकानदार तुटक उत्तर देईल. आणि कोणी म्हटलेला बोंझूर परत न करणे हा तर सरळ अपमान. आपल्याकडे वरमाय रुसते, तिची मनधरणी करता करता वधूपक्षाच्या नाकी नऊ येतात, ही तर आपल्या लग्नांतली ठरलेली गोष्ट. इथे मी, मुलीची आई, वरमायेचा मान ठेवायचा सोडून तिच्याकडे पाठ फिरवून निघून गेले होते. आणि ती बिचारी रुसलीसुद्धा नाही, फक्त पुढे कधी पडद्यासमोर आली नाही.

मध्यंतरी यांचे आजारपण झाले, मग हे गेले, आणि मी मुलाकडे वास्कोला राहायला आले. मुलगा बंदराच्या कामात आहे. घर टेकडीवर, खाली मुरगावच्या बंदरातली जहाजे. ग्वाल्हेरच्या माणसाला समुद्राचे कौतुक आठ दिवस पुरते, नंतर खारट वाऱ्याने वाळत न पडणाऱ्या पापडांची काळजी सुरू होते. गेल्या पावसाळ्यात लेकीचा फोन आला: जानेवारीत त्या येणार, जावई आणि विहीणबाई दोघांना घेऊन. दुभाषी म्हणून ती होतीच. पण जो नमस्कार मी घेतला नव्हता त्याचे उत्तर लेकीच्या तोंडून द्यायचे, हे काही मनाला पटेना. सहा महिने हाती होते. अडुसष्टाव्या वर्षी मी वही घेतली.

शिक्षिका सापडली ती शेजारच्या घरात. या आंटी ब्याऐंशी वर्षांच्या. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, त्याआधी पणजीच्या लिसेवमध्ये त्या शिकल्या. लिसेव म्हणजे पोर्तुगीज अमदानीतले सरकारी विद्यालय, १८५४ साली निघालेले. तिथे पोर्तुगीज तर होतीच, पण परभाषा म्हणून फ्रेंचही शिकवीत, आणि त्या जुन्या विद्यार्थ्यांना अजून ती तोंडपाठ आहे. आज गोव्यातल्या कित्येक शाळांत मुले फ्रेंच घेतात. पण आंटींची फ्रेंच वेगळी. इस्त्री करून पेटीत ठेवलेल्या जुन्या लुगड्यासारखी, घडी न मोडलेली.

सकाळी कुंपणापाशी त्या मला म्हणायच्या, "देव बरो दीस दिवं!" देव तुम्हांला चांगला दिवस देवो. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतला हा नित्याचा नमस्कार. उपकार मानायचे तर "देव बरें करूं". मी म्हटले, आंटी, तुमच्या बोंझूरमध्येही चांगला दिवसच आहे, मग देव कुठे गेला? आंटी म्हणाल्या, "निरोपाक उरला." खरेच, कायमचा निरोप घेताना फ्रेंच माणूस 'आद्य' म्हणतो, त्याचा मूळ अर्थ 'देवाच्या हवाली'. पण तो शब्द सहज वापरू नको, अशी त्यांनी ताकीदही दिली. पुन्हा भेट नाही अशा वेळचा तो शब्द आहे.

पहिला आठवडा एकट्या बोंझूरवर गेला. लिहून दाखवला तो असा, पण आपल्या लिपीत तो मावत नाही. यातला 'झ' आपल्या झाडातला नव्हे, झऱ्यातलाही नव्हे. 'श' म्हणत राहावे आणि त्याच वेळी गळ्यातून आवाज सोडावा, म्हणजे साधतो. शेवटचा 'र' जिभेच्या टोकाने न म्हणता घशात मागे खरवडायचा. सकाळी गुळण्या करताना मी त्याचा सराव करू लागले, तेव्हा सुनेने धावत येऊन विचारले, "आई, बरं नाही का?"

पण खरी अडचण होती ती 'बों'ची. माझा सारखा 'बोन्' व्हायचा. जीभ दाताला न लावता स्वर नुसता नाकातून सोडायचा, हे काही केल्या जमेना. शेवटी मदत झाली ती पेडण्याच्या गुरुजींची. हे गुरुजी पेडणे तालुक्यात मराठी शाळेवर होते, आता मुलापाशी वास्कोला असतात आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसतात. पेडणे, डिचोली हे मुलूख पोर्तुगीजांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुरगावच्या दोन-अडीचशे वर्षांनंतर. त्यामुळे तिथे मराठी शाळा, कीर्तने, दशावतार यांची परंपरा तुटली नाही, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. आम्हां दोघींचा फ्रेंच अभ्यास त्यांना मुळीच मान्य नव्हता. "चारशे वर्षं एका परक्या भाषेत 'बों दीय' म्हणून झालं, आता दुसरीत म्हणा," असे ते पुटपुटत. पण माझा 'बोन्' ऐकून ऐकून त्यांच्यातला मास्तर जागा झाला. म्हणाले, "वहिनी, तुम्ही घाटावरची माणसं अनुस्वार खाऊन बसलात. कोंकणीत 'हांव', 'बरें' कसं म्हणतात ते ऐका. तसा म्हणा."

आणि तसाच तो निघाला! जुन्या मंडळींना आठवत असेल, आपण 'करणें', 'जाणें', 'कां' असे टिंबे देऊन लिहीत होतो. १९६२ साली साहित्य महामंडळाच्या नव्या शुद्धलेखन नियमांनी ती टिंबे पुसली, कारण आपल्या बोलण्यातून ती केव्हाच गेली होती. किनाऱ्यावर मात्र ती नाकात जिवंत आहेत. माझ्या आजीची पत्रे त्या टिंबांनी भरलेली असायची, आणि आम्ही मुली तिला हसायचो की बोलायचे नाही ते लिहायचे कशाला. आता फ्रेंच वही उघडली तर सगळा तोच कारभार! शब्दाची शेवटची अक्षरे लिहायची आणि गिळायची. आजी असती तर म्हणाली असती, बघ, मोठमोठ्या देशांतही असेच लिहितात.

अनुनासिकांची तालीम म्हणून आंटींनी आम्हांला एक वाक्य दिले: "अँ बों वँ ब्लाँ." चार शब्द, चार वेगवेगळी अनुनासिके. गुरुजींनी ते इतके स्वच्छ म्हटले की आंटींनी टाळ्या वाजवल्या. दोन दिवस ते येता-जाता म्हणत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्थ विचारला. अर्थ होता, 'एक उत्तम पांढरी वाइन'. गुरुजी निर्व्यसनी, माळकरी! त्यानंतर आठवडाभर ते ओट्यावर आले नाहीत.

पुढे मात्र गाडी भराभर चालली, आणि तिचे कारण सांगताना मला अजून गंमत वाटते. मी इंग्रजीच्या वाटेने फ्रेंचकडे जात होते तोवर सगळे अवघड होते. मराठीच्या वाटेने गेले तेव्हा घरचेच निघाले. इंग्रजीत एकच 'यू', राजालाही आणि रंकालाही. फ्रेंचात आपल्यासारखे 'तू' आणि 'तुम्ही': 'त्यू' आणि 'वू'. त्यातला 'त्यू' तर आपल्या 'तू'चा आणि संस्कृत 'त्वम्'चा लांबचा भाऊच. विहीणबाईंना कोणता लावायचा, हा प्रश्न आपल्या घरात वाढलेल्या कुठल्याही मुलीला पडणार नाही. 'कोमाँ ताले वू' म्हणजे शब्दशः 'तुम्ही कसे चालता', अर्थात आपले 'कसं काय चाललंय'. यातल्या 'कोमाँ'च्या शेवटी एक 'त' लिहिलेला असतो, तो एरवी मुका. पण पुढे स्वर आला की जागा होऊन त्याला जाऊन चिकटतो. आंटींनी हा नियम सांगितला तेव्हा मी म्हटले, ही तर आमची संधी! 'सिल् वू प्ले', म्हणजे कृपया, याचा शब्दशः अर्थ 'तुम्हांला रुचत असेल तर'. आभाराला उत्तर 'द रियँ', काही नाही, आपले 'त्यात काय एवढं'. स्वतः आभार मानायला 'मेर्सी'. तो विसरले की आंटी म्हणत, "पणजेची बस कशी वता?" वास्कोहून पणजीला जाताना वाटेत मेरशीचा फाटा लागतो. ते गावाचे नाव 'मेर्सेश' माउलीच्या चर्चवरून पडलेले, आणि 'मेर्सेश' व 'मेर्सी' एकाच लॅटिन शब्दाची लेकरे, कृपा या अर्थाची. तेव्हापासून कोणी आभार मानले की मला मेरशीचा फाटा दिसतो.

निरोपाचा 'ओ रव्वार' मला सगळ्यांत आवडला. 'पुन्हा दिसेपर्यंत.' घरातून निघताना आपण कधी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. लहानपणी चुकून 'जाते' म्हटले तर आजी परत बोलावून 'येते' म्हणायला लावी. जगात दुसऱ्या कोणाला ही भीती वाटते, हे मला ठाऊक नव्हते.

सराव कोणावर करायचा? हिवाळ्यात मुरगावला प्रवासी जहाजे लागतात आणि गोरे पाहुणे वास्कोच्या बाजारात येतात. स्वातंत्र्य मार्गावर एक वयस्क जोडपे केळी घेत होते. मी छाती धरून म्हटले, "बोंझूर!" ते जर्मन निघाले. पण बाईंनी हसून मान लववली, आणि केळीवालीने माझ्याकडे जरा आदराने पाहिले.

डिसेंबर आला तशी माझी झोप उडाली. समोर उभी राहिल्यावर जीभ टाळूला चिकटेल, अशी धास्ती. आंटींना बोलून दाखवली तर त्यांनी आबे फारियांची गोष्ट सांगितली. १७५६ साली गोव्यात कांदोळीला जन्मलेला हा पाद्री पुढे पॅरिसला गेला. मोहनिद्रेचे, ज्याला आज संमोहन म्हणतात त्याचे, प्रयोग त्याने तिथे करून दाखवले आणि १८१९ साली तिथेच वारला. पणजीला मांडवीकाठी, जुन्या सचिवालयाशेजारी, निजलेल्या स्त्रीवर हात उगारून उभा असलेला पुतळा त्याचाच. दंतकथा अशी की, तरुणपणी लिस्बनला राणीपुढे प्रवचन करायला उभा राहिला आणि भरल्या सभेत त्याला शब्द सुचेना. तेव्हा जवळ बसलेल्या बापाने कोंकणीत हळूच म्हटले, "ही सगळी भाजी आहे. काप रे भाजी!" आणि पोराची वाणी मोकळी झाली. आंटी म्हणाल्या, "तूंय काप गो बाये." मनात म्हटले, विहीणबाईंना भाजी कसे समजू? पण धीर आला खरा.

गोव्याला आता दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा आमच्या दाराशी. पण यांचे विमान दिल्लीहून उतरणार होते ते मोपाला, पेडण्याच्या पठारावर, जो २०२३ च्या जानेवारीपासून चालू झाला. वास्कोहून दीड तासाची वाट. गुरुजी, आपल्या तालुक्याचे म्हणून, गाडीत पुढे बसले. पठारावरची काजूची झाडे आणि गुरांची राने कुठे होती ते दाखवीत होते, आणि मी मागे बसून बोंझूर घोकत होते. बोंझूर मादाम, बियँवन्यू. सहा महिन्यांचा अभ्यास या दोन वाक्यांत उभा केला होता.

विमानाला उशीर झाला. मंडळी बाहेर आली तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. विहीणबाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, खांद्यावर लेकीने दिलेली माहेश्वरी ओढणी. त्यांना पाहिले आणि त्याच क्षणी ध्यानात आले की रात्र आहे! रात्री बोंझूर चालत नाही. 'बोंस्वार' म्हणावे लागते. तोही आंटींनी शिकवला होता, आणि शिवाय बजावले होते की झोपायला जातानाचा 'बॉन न्वी' निराळा, दोहोंत घोटाळा करू नको. पण त्या घटकेला बोंस्वार आठवेल तर शपथ. समोर चार वर्षांपूर्वीचा तोच चेहरा, तसाच वाट पाहणारा. मी हात जोडले आणि साडेआठ वाजता, दिव्यांच्या लखलखाटात, म्हटले, "बोंझूर, मादाम."

जावई हसला. लेकीने ओठ चावला. विहीणबाई क्षणभर थांबल्या, आणि त्यांनी मला दुरुस्त केले नाही. "बोंझूर," त्या म्हणाल्या, "बोंझूर." मग हात जोडून, घशातला 'र' खरवडत, "नमस्कार, विहीणबाई." त्याही तिकडे सहा महिने घोकत होत्या. मग त्यांनी माझ्या दोन्ही गालांना गाल लावला. ही त्यांची रीत; प्रांताप्रांताप्रमाणे कुठे दोनदा, कुठे तीनदा, क्वचित चारदा. मला आकडा माहीत नसल्याने मी तिसऱ्यांदा गाल पुढे केला तो हवेतच राहिला. गुरुजी दुसरीकडे पाहत होते.

दाराशी मी भाकरतुकडा ओवाळून टाकला. तो कशासाठी हे लेकीने समजावले. दुसऱ्या दिवशी ओटी भरली. नारळ मांडीवर घेऊन विहीणबाई बराच वेळ तशाच बसून होत्या, उठायचे केव्हा ते आम्ही सांगायला विसरलो होतो.

आता बोलायचे काय? नमस्कारापुढची भाषा माझ्यापाशी नव्हती. पण विषय माझ्या पदरी होता, आणि तो ग्वाल्हेरचाच. महादजी शिंद्यांच्या कवायती कंपूचा सेनापती द बोयन्य, ज्याला आपल्याकडे डिबॉयन म्हणतात, तो सावोआतल्या शांबेरी गावचा. १७८४ साली महादजींच्या चाकरीत आला, पुढे पाटण-मेडत्याच्या लढाया मारल्या, आणि गडगंज होऊन मायदेशी परतला. त्याने गावासाठी पुष्कळ पैसा खर्च केला. मृत्यूनंतर, १८३८ साली, तिथे त्याचे स्मारक उभे राहिले, ते हत्तींचे कारंजे. घडवणारा शिल्पकार ग्रनोब्लचा. शांबेरी विहीणबाईंच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर आहे. मी कागदावर हत्ती काढला, खाली 'शांबेरी' लिहिले आणि स्वतःकडे बोट दाखवून म्हटले, "ग्वाल्हेर." त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेऊन हत्तीची मागची बाजू खोडून टाकली आणि हसू लागल्या. स्मारकात चार हत्ती आहेत, पण चौघांचेही फक्त पुढचे अर्धे अंग खांबातून बाहेर आलेले. गावकऱ्यांनी त्यांना जे नाव ठेवले आहे त्याचा मराठी तर्जुमा लेकीने संकोचत केला: "बिनबुडाचे चौघे." शिंद्यांच्या सरदाराचे स्मारक बिनबुडाचे! आम्ही दोघी विहिणी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

त्याच दुपारी, लेक झोपली असताना, त्या स्वयंपाकघरात आल्या. गॅसवर दूध होते. मी त्याच्याकडे बोट दाखवले, मग त्यांच्याकडे, मग दाराकडे, आणि म्हटले, "पार्दों, मादाम." समजले की नाही, कोण जाणे. बराच वेळ त्या दुधाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "स ने रियँ." हे वाक्य माझ्या वहीत नव्हते, पण त्यातला 'रियँ' ओळखीचा होता. काही नाही. मग त्यांनीच गॅस बंद केला, कारण या खेपेस दूध खरेच उतू जात होते.

तीन आठवड्यांनी त्या निघाल्या तेव्हा दामोदराच्या देवळात नमस्कार करून आल्या, आंटींना भेटून आल्या. तिथे त्या दोघींचे जे संभाषण झाले त्यातले मला एक अक्षर कळले नाही, आणि थोडा मत्सर वाटला, हे कबूल करते. दारात मी 'ओ रव्वार' म्हटले. त्या 'जाते' म्हणाल्या. मी त्यांना उंबऱ्याच्या आत बोलावले आणि 'येते' म्हणायला लावले.

सध्या आकडे चालू आहेत. फ्रेंचात सत्तर म्हणजे 'साठ-दहा' आणि ऐंशी म्हणजे 'चार विसा'. आंटी आकडे घालतात तेव्हा मी साठ-दहाला हमखास अडखळते, पण चार विसांना नाही. माझी आजी आंबे विसांनीच मोजायची. गुरुजी पुन्हा ओट्यावर येऊ लागले आहेत. कोणताही शब्द म्हणण्याआधी ते आता अर्थ विचारून घेतात.